सभामंडपाचा घुमारा पकडताना: इम्पल्स रिस्पॉन्सच्या कामाच्या नोंदी

9 नोव्हेंबर 2024

मामाच्या भजनी मंडळाचे अभंग पुण्यात, फ्लॅटमधल्या एका खोलीत रेकॉर्ड करून झाले. भिंतींना गोधड्या लावल्या होत्या, खिडकीला गादी. गळा, पखवाज, टाळ, पेटी, वीणा सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर स्वच्छ आलंय, पण कोरडं ठणठणीत. मंडळ वर्षानुवर्षं ज्या विठ्ठलमंदिरात हे अभंग म्हणतं, तिथला घुमारा त्यात नाही.

आधी तयार इम्पल्स रिस्पॉन्स (पुढे नुसतं आयआर) लावून पाहिले. आयआर म्हणजे एखाद्या जागेचा घुमारा टिपून ठेवलेली फाइल, ती कोरड्या ट्रॅकवर लावली की त्या जागेचा घुमारा येतो. यॉर्क विद्यापीठाच्या ओपनएअर संग्रहात चर्च आणि सभागृहांचे आयआर फुकट मिळतात आणि त्यांचा दर्जा उत्तम आहे. पण मोठ्या चर्चची शेपटी, म्हणजे विझत जाणारा घुमारा, इतकी लांब, की लय चढली की टाळांचा नुसता कल्लोळ होतो. छोट्या सभागृहांचे आयआर लावले तर मंडळी शाळेच्या हॉलमध्ये बसल्यासारखी वाटतात. तेव्हा वाई तालुक्यातल्या त्या देवळातच जाऊन आयआर घ्यायचे ठरवलं.

15 तारखेला कार्तिकी पौर्णिमा, तोपर्यंत रोज पहाटे काकडा. 20ला मतदान, 23ला निकाल, म्हणजे गुलाल आणि डीजे. म्हणून 30 तारीख धरली.

30 नोव्हेंबर

सभामंडप टेपनं मोजला: लांबी 11 मीटर, रुंदी 7, उंची साडेचार. काळा दगड, खाली शहाबादी फरशी, तीन बाजूंनी भिंती, पुढे लाकडी दार. पश्चिमेला गाभारा.

सुरुवात फुगे फोडून केली, कारण खर्च नाही आणि वेळ लागत नाही. घुमाऱ्याची लांबी कळायला फुगा ठीक आहे. मिक्समध्ये वापरायला मात्र नाही: प्रत्येक फुगा वेगळा फुटतो आणि खर्जात त्याच्यात काहीच दम नसतो. त्या आयआरमधून पखवाजाचा ‘धूम’ पाठवला तर पत्र्याचा डबा वाजल्यासारखा आला.

मग स्वीप. 20 हर्ट्झपासून 20 किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर स्पीकरवर वाजवायचा, माइकनं रेकॉर्ड करायचा आणि नंतर सॉफ्टवेअरनं उलटा स्वीप लावून तो सगळा पसारा एका टिचकीत गोळा करायचा. सूर घातांकी पद्धतीनं चढवायची ही रीत इटलीतले अँजेलो फरीना यांनी 2000 साली मांडली. तिचा मोठा फायदा असा की स्पीकरची हार्मोनिक विकृती (स्पीकर मूळ सुरात स्वतःहून मिसळतो ते पटीतले वरचे सूर) खऱ्या आयआरच्या आधी, वेगळी येऊन पडते. ती सरळ कापून टाकता येते.

सामान कमी न्यावं म्हणून स्वीप फोनमधून वाजवला आणि हँडी रेकॉर्डरवर घेतला. हे कुणी करू नका. दोन यंत्रांची दोन घड्याळं, दोन्हींच्या चालीत किंचित फरक. वीस सेकंदांच्या स्वीपमध्ये तेवढा फरकही पुरतो. आयआरची सुरुवात ‘टक्’ अशी यायला हवी, ती ‘च्यूक’ अशी ओढलेली आली. रात्रभराचं काम फुकट गेलं. पुढच्या वेळी लॅपटॉपला जोडलेल्या एकाच ऑडिओ इंटरफेसमधून वाजवायचं आणि त्याच्यातच रेकॉर्ड करायचं.

7 डिसेंबर, रात्र

लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे मोजमापाचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. दोन-चॅनेल इंटरफेस, ओळखीच्याकडून आणलेली छोट्या ओम्नी (सगळ्या बाजूंनी सारखं ऐकणाऱ्या) कंडेन्सर माइकची जोडी आणि घरचा पाच इंची स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे स्पीकर.

पहिली अडचण विजेची. देवळातल्या सॉकेटवर मॉनिटर लावला की गुणगुण. मामाचा घरचा इन्व्हर्टर आणला तर गुणगुण वाढून चक्क भणभण झाली, कारण त्या इन्व्हर्टरचं आउटपुट चौकोनी लाटेचं आहे. स्पेक्ट्रममध्ये 50, 150, 250 हर्ट्झवर सुळके दिसत होते. स्थिर गुणगुण उलट्या स्वीपनं जात नाही, तशीच राहते आणि आयआरची शेपटी तिच्यात बुडते.

दुसरी अडचण उसाची. गळीत हंगाम चालू आहे, देवळापासून शंभर पावलांवर रस्ता. मोठ्यानं गाणी लावलेले ट्रॅक्टर रात्री दीडपर्यंत जात होते. त्यात शेतीला रात्रीची लाइट, त्यामुळे विहिरींवरच्या मोटारी सुरू. पहाटे अडीच ते सव्वाचार एवढाच खरा शांत वेळ मिळतो. वेळापत्रक त्याच्याभोवतीच लावा.

तिसरी अडचण मॉनिटरची. 60 हर्ट्झच्या खाली त्याच्यात जोर नाही आणि दगडी मंडपाचा सगळा भारदस्तपणा तिथेच आहे.

स्वीप चालू असताना दानपेटीचं झाकण आणि दाराची कडी थरथरते. अशी खडखड हार्मोनिक विकृतीसारखी बाजूला पडत नाही, आयआरमध्ये घाण करून बसते. कडीला फडकं बांधलं, दानपेटीवर मामाची घोंगडी टाकली.

8 डिसेंबर, पहाट

गावातल्या साउंडवाल्याकडून बॅटरीवर चालणारा 12 इंची ट्रॉली स्पीकर आणला, एका रात्रीचे 700 रुपये. बॅटरीमुळे गुणगुण संपली, लॅपटॉपही बॅटरीवर. हे स्पीकर वापरणार असाल तर ब्लूटूथ बंद ठेवून वायरनं लाइन-इनमध्येच जोडा, एकोचं बटण शून्यावर आणा आणि आवाज मध्यावरच ठेवा. वर नेला की आतला लिमिटर स्वीप दाबायला लागतो आणि मोजमाप खोटं येतं. जोर कमी पडतो तो स्वीप लांबवून भरून काढता येतो: लांबी दुप्पट केली की आवाज आणि गोंगाटातलं अंतर 3 डेसिबलनं वाढतं. मी 20 सेकंदांवरून 40 वर गेले. त्याहून लांब स्वीपमध्ये कुत्रं तरी भुंकतंच.

ट्रॉली स्पीकरचा आवाज स्वतःच रंगलेला असतो, वरच्या पट्टीत तर फारच खडबडीत. ते देवळाचं म्हणून आयआरमध्ये यायला नको. खळ्यावर, उघड्यावर, एक मीटरवरून त्याच स्पीकरचं वेगळं मोजमाप घेऊन ठेवलंय. घरी त्यावरून उलटं ईक्यू करीन, म्हणजे स्पीकर ज्या पट्ट्या फुगवतो त्या दाबीन.

आता घंटेचं. निकाल ऐकला तर शेपटीत एक बारीक सूर लांबपर्यंत लोंबत होता, सुमारे 622 हर्ट्झ. आधी सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसले. मग स्वीप परत लावून मंडपात उभी राहिले, तर सूर त्या उंचीवर आला आणि दारातली पितळी घंटा हात न लावता गाऊ लागली. स्वीप पुढे निघून गेला तरी ती थांबेना. काठाजवळ बोट नेलं तर काठाची झिणझिण बोटाला कळत होती.

तिचा त्रास कुठे होईल हेही लगेच लक्षात आलं. मामा काळी एकमध्ये गातो. त्याचा तार रिषभ 311 हर्ट्झच्या आसपास लागतो, त्याची दुप्पट 622. म्हणजे मिक्समध्ये प्रत्येक तार रिषभाला घंटा ओ देणार.

पुजारीकाकांना विचारलं, “काका, घंटेला उपरणं गुंडाळलं तर चालेल का?”

“चालेल की पोरी. नुसता आतला लोळा नको बांधूस, अंगालाच घट्ट गुंडाळ. आणि उजाडायच्या आत सोड, पहिला येणारा माणूस घंटा शोधतो.”

काकांचं बरोबर होतं. आधी लोळाच बांधून पाहिला होता आणि काही फरक पडला नव्हता. अंगाला उपरणं लागल्यावर तो सूर गेला. तरी घंटेसकट एक आयआर राखून ठेवलाय. घंटा त्या देवळाचीच आहे, संथ आलापाला कदाचित शोभेल.

घंटा बांधून, मंडप रिकामा असतानाचं मोजमाप: 1000 हर्ट्झला घुमारा 2.8 सेकंद, 125 हर्ट्झला 3.4 आणि 8 किलोहर्ट्झला जेमतेम 1.1. खर्ज रेंगाळतो, टीप लवकर विझते. कान मिटून आठवलेलं देऊळ असंच आहे.

एक गोष्ट सोडून दिली. बरेच जण स्वीपची सरासरी घेऊन गोंगाट कमी करतात. उघड्या खिडक्यांच्या जागेत पहाटेची हवा सारखी गार होत असते, आवाजाचा वेग थोडा थोडा बदलतो. सरासरीत त्यामुळे वरच्या पट्टीची धार बोथट झाली. एकच लांब आणि निर्मळ स्वीप यापेक्षा चांगला.

10 डिसेंबर, पुणे

आयआर लावून पहिलं मिक्स केलं. एकच आयआर, सगळ्या ट्रॅकना. देऊळ आलं, पण सगळी मंडळी एकाच फरशीवर एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी ऐकू येतात. रीव्हर्ब कमी-जास्त केला, पॅन (डावी-उजवीकडची जागा) हलवले, उपयोग नाही. काय चुकतंय ते आज कळलं नाही.

14 डिसेंबर

दत्तजयंती, गावात सप्ताहाची सांगता. आज रेकॉर्डिंग शक्य नव्हतं, कीर्तनाला जाऊन बसले आणि अडलेलं सुटलं.

विणेकरी मध्ये, गाभाऱ्याकडे तोंड करून. टाळकरी दोन रांगांत समोरासमोर. पखवाज उजवीकडे, खांबाला लागून. पखवाजाचा आवाज आधी खांबावरून आणि मागच्या भिंतीवरून उसळतो, मग मंडपभर पसरतो. विणेकऱ्याचा गळा गाभाऱ्याच्या दगडावर जाऊन परत येतो, म्हणून तो किंचित उशिरा आणि भरून येतो. एका ओळीतले टाळ समोरच्या ओळीतल्या अंगांवर पडतात, म्हणून कानात घुसत नाहीत.

आयआर म्हणजे खोलीचा आवाज नव्हे. या ठिकाणाहून निघालेला आवाज त्या ठिकाणी कसा पोचतो, एवढंच तो सांगतो. मी स्पीकर मधोमध ठेवून प्रेक्षकांकडे तोंड करून स्वीप घेतले होते, आणि तिथे कधीच कुणी उभं राहत नाही. म्हणजे सगळं मोजमाप परत करायचं, कोण कुठे उभं राहतं हे आधी ठरवून.

शिवाय आज मंडप भरलेला होता आणि खाली सतरंज्या. रिकाम्या मंडपाचा 2.8 सेकंदांचा घुमारा भजनाच्या वेळी कुणीच ऐकत नाही.

21 डिसेंबर, रात्र

मामानं मंडळाला गळ घातली. थंडीत पहाटे अडीचला पंचवीस-तीस माणसं स्वेटर-मफलर घालून देवळात येऊन बसली, याचं मोल पैशात होणार नाही. चहा आणि पोह्यांचे 900 रुपये, स्पीकरचे 700.

फरशीवर खडूनं खुणा केल्या: वि म्हणजे विणेकरी, टा-डा आणि टा-उ म्हणजे टाळांच्या रांगा, प म्हणजे पखवाज. स्पीकर प्रत्येक खुणेवर त्या त्या माणसाच्या तोंडाच्या किंवा वाद्याच्या उंचीवर आणि त्याच दिशेला तोंड करून. पखवाजासाठी सरळ जमिनीलगत, खांबाकडे. माइकची जोडी मात्र एकाच जागी, ऐकणारे बसतात तिथे, विणेकऱ्यापासून 4 मीटरवर. माइक हलवायचे नाहीत, नाहीतर वेगवेगळे आयआर एका खोलीतले वाटत नाहीत.

मंडळींना सांगितलं होतं की स्वीप संपल्यावरही पाच सेकंद श्वास हळू. पहिल्या स्वीपला, सूर संपून शेपटी विझत असताना, एका आजोबांना ठसका लागला. त्यांना फार वाईट वाटलं, मी म्हटलं असू द्या, परत घेऊ. पण तो स्वीप मुद्दाम उलगडून पाहिला आणि पुढे उपयोगी पडेल अशी गोष्ट कळली: स्वीपच्या वेळी झालेला खोकला किंवा टक्कन वाजलेली वस्तू आयआरमध्ये खोकला म्हणून येत नाही, वरून खाली घसरत जाणारी शीळ म्हणून येते. शेपटीत अशी शीळ ऐकू आली तर प्लगइनला दोष देऊ नका, तो स्वीप टाकून दुसरा घ्या.

भरलेल्या मंडपाचं मोजमाप: 1000 हर्ट्झला 1.5 सेकंद, 125 हर्ट्झला 2.5. माणसं आणि सतरंज्या वरचं पितात, खर्जाला फारसं काही करत नाहीत. चार वाजता उसाचा ट्रॅक्टर आला, पण तोवर सगळ्या खुणा झाल्या होत्या.

26 डिसेंबर, पुणे

संपादनात दोन-तीन संध्याकाळी वाया गेल्या त्या गोंगाट कमी करण्याच्या प्रयोगात. आयआरवर नॉइज रिडक्शन चालवलं की शेपटी पाण्याखालून आल्यासारखी बुडबुडते. सगळं पूर्ववत केलं. जे चाललं ते साधं होतं: शेपटी जिथे गोंगाटाला भिडते तो बिंदू शोधायचा आणि त्याच्या थोडं आधीपासून, घुमारा ज्या उतारानं विझत आलाय त्याच उतारानं फेड लावायचा. तीन पट्ट्या वेगळ्या करून केलं तर जास्त नैसर्गिक, कारण टीप आधी गोंगाटात जाते आणि खर्ज बराच नंतर.

थेट आवाजाचा प्रश्न महत्त्वाचा. विणेकरी ते माइक 4 मीटर, म्हणजे आयआरमध्ये पहिला ठोका सुमारे 12 मिलिसेकंदांनी येतो. हा स्पीकरचा थेट आवाज. गळ्याचा कोरडा ट्रॅक मिक्समध्ये आहेच, त्यामुळे हा ठोका ठेवला तर एकच आवाज दोनदा येतो आणि गळा नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. तो कापायचा. पण त्याच्यामागे जेमतेम 3 मिलिसेकंदांवर फरशीचा परतलेला आवाज आहे, कारण स्पीकर आणि माइक दोन्ही दीड मीटर उंचीवर होते. गळ्यासाठी दोन्ही कापले आणि बाजूच्या भिंतींपासून सुरू केलं. तो परतावा थेट आवाजाच्या आणखी 12 मिलिसेकंदांनंतर येतो. कापलेल्या जागी शांतता तेवढीच ठेवली, पुढे ओढली नाही. पखवाजासाठी फरशीचा परतावा ठेवला, त्याच्यानंच पखवाज जमिनीवर बसतो.

2 जानेवारी 2025

मिक्समध्ये घुमारा सगळीकडे जड आणि थोडा उतरलेला वाटत होता. ईक्यूमध्ये शोधत बसले. कारण निराळंच निघालं: आयआर 48 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचे (सेकंदाला 48,000 नमुने), प्रोजेक्ट 44.1चं, आणि मी वापरत होते ते जुनं फुकट प्लगइन दर बदलत नाही, आहे तशी फाइल वाचतं. म्हणजे घुमारा जवळपास नऊ टक्के लांब आणि दीड स्वरानं, म्हणजे कोमल-शुद्ध धरून मोजल्यास, खाली. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या रीव्हर्बमध्ये तीच फाइल टाकली, ठीक झालं. तरी आता 44.1च्या वेगळ्या फाइली काढून ठेवल्यात.

खरं तर साधनांची आता ददात नाही. 1999 साली सोनीचं डीआरई-एस777 आलं तेव्हा हे काम करायला रॅकमधलं वेगळं यंत्र लागायचं. 2001ला ऑडिओ ईजचं अल्टिव्हर्ब आल्यावर ते संगणकावर आलं. आज कुठल्याही लॅपटॉपवर होतं. अवघड राहिलंय ते फक्त चांगलं मोजमाप.

चार खुणांचे चार सेंड (ट्रॅकचा आवाज त्या त्या आयआरकडे नेणाऱ्या वाटा) केले. पहिल्यांदाच मंडळी आपापल्या जागी बसली. टाळांच्या सेंडवर 6 किलोहर्ट्झच्या वरचं उतरवलं, पखवाजाच्या सेंडवर 90 हर्ट्झच्या खालचं. वीणा जवळपास कोरडीच ठेवली, ती आयआरमध्ये घातली की खर्जाचा चिखल होतो.

पेटी त्रास देतेय. लांब धरलेल्या सुरांवर घुमारा गोठल्यासारखा, धातूचा येतो. खऱ्या मंडपात माणसं हलतात, हवा हलते. आयआर मात्र दर वेळी तोच असतो. टा-डा आणि टा-उ हे दोन आयआर पेटीला लावून ऑटोमेशननं हळूहळू एकातून दुसऱ्यात नेलं. बरंच सुधारलं, पूर्ण नाही.

12 जानेवारी

मामाला ऐकवलं, हेडफोनवर आणि नंतर घरातल्या म्युझिक सिस्टिमवर. गळा आणि पखवाज त्याला पटले. टाळ अजून लांब वाटतात म्हणाला. सेंड 2 डेसिबल उतरवला, तेव्हा मान हलवली. पहिल्या अभंगाच्या आलापाला रिकाम्या मंडपाचा, घंटेसकटचा आयआर लावलाय. तो ठेव म्हणाला.

आतापर्यंतचा खर्च: स्पीकर दोन रात्रींचा 1400, चहा-पोहे 900, पेट्रोल साधारण 5000. माइक उसने होते. भाड्यानं घेतले असते तर हा आकडा बराच वाढला असता.

देवस्थानच्या पंचांनी फाइली इतरांना फुकट द्यायला परवानगी दिली आहे, गावाचं नाव न छापण्याच्या अटीवर. फाइली 24 बिट, 48 आणि 44.1 दोन्ही दरांत. नावात आधी मंडप भरलेला की रिकामा, मग खूण, मग थेट आवाज कापलाय की नाही. थेट आवाजासकटच्या मूळ फाइलीही सोबत आहेत, ज्यांना कुठे कापायचं ते स्वतः ठरवायचं आहे त्यांच्यासाठी. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून घ्यायचा आयआर राहिलाय. पुजारीकाका माघी एकादशीनंतर ये म्हणालेत.